पहिल्या तीनशे बारा नोंदी

आमच्या ऑफिसातल्या काकांइतका बोलका माणूस अख्ख्या नागपुरात सापडणार नाही, असं मी कोणालाही शपथेवर सांगू शकते. माणसांशी तर ते बोलतच; पण माणसं कमी पडली की समोर जे असेल त्याच्याशी बोलत. प्रिंटरमध्ये कागद अडकला की आम्ही बाकीचे त्याचं झाकण उघडून आपटायचो. काका त्याच्यासमोर खुर्ची घेऊन बसत आणि आजाऱ्याची चौकशी करावी तसं विचारत, "काय झालं गा? सकाळी तर चांगला होता." चुकून लागलेला फोन तर त्यांच्यासाठी पाहुणाच. एकदा एका बाईंनी गॅस एजन्सी समजून काकांना फोन लावला. दुसऱ्या कोणी 'राँग नंबर' म्हणून ठेवून दिला असता. काकांनी सिलिंडर कधी संपला, घरात खाणारी तोंडं किती, तोवर स्वयंपाक कशावर चाललाय हे सगळं विचारून घेतलं, खऱ्या एजन्सीला स्वतः फोन करून त्यांचा नंबर लावून दिला, आणि दोन दिवसांनी त्या बाईंनाच उलटा फोन केला, "आला का जी सिलिंडर?" त्या बाईंनी पुढे मुलाच्या लग्नाची पत्रिका पाठवली. काका गेले, जेवले, आणि सोमवारी आम्हाला वांग्याच्या भाजीचं सविस्तर वर्णन ऐकवलं.

सगळ्या ऑफिसाचे काका, पण खरेखुरे काका ते कोणाचेच नव्हते. लग्न केलेलं नव्हतं. आई होती, ती मी नोकरीला लागायच्या आधीच गेली. हुडकेश्वरला दोन खोल्यांचं घर, वर एका मजल्याच्या अर्धवट उभ्या भिंती, आणि त्यांतून वर आलेल्या सळ्या. त्या मजल्याचं काय करायचं म्हणून विचारलं की म्हणत, "बांधू. घाई कोणाले आहे?" घरात एक जुना लोखंडी कूलर. मे महिन्यात तो सगळ्यांच्याच घरी चालतो. काकांचा डिसेंबरातही चाले. पाणी न घालता, तोंड भिंतीकडे करून, नुसता. मी एकदा कसलीशी कागदपत्रं द्यायला गेले होते, बाहेर मरणाची थंडी, आणि आत हा घरघराट. मी म्हटलं, "काका, हे काय?" तर म्हणाले, "आवाजापुरता आहे वं. नाही तर घड्याळ लय जोरात वाजते."

त्यांची दुसरी एक तऱ्हा होती, रस्त्याची. आमचं ऑफिस वर्धा रोडवर. हुडकेश्वरहून यायचं तर बेसा, मनीषनगर आणि वर्धा रोड, इतका सरळ मामला. काका मात्र मानेवाड्याहून मेडिकल चौक, तिथून अजनी, आणि मग वर्धा रोड असा सगळ्या शहराला वळसा घालून येत. का, तर मनीषनगरचं रेल्वे फाटक बंद असतं. फाटक बंद असायचं हे खरंच होतं, त्यात कोणी खोट काढली नाही. पण पुढे तिथे उड्डाणपूल झाला, गाड्या वरून जायला लागल्या, तरी काका मेडिकल चौकातूनच. "काका, आता पूल झाला ना," म्हटलं की चष्मा पुसत म्हणायचे, "पुलाचं काय सांगता येते." आम्ही हसायचो. म्हाताऱ्या माणसाची सवय, असं समजायचो. तेव्हा ते जेमतेम पंचावन्नचे असतील.

आता आमच्या कामाबद्दल थोडं सांगायला हवं. रक्त-लघवी तपासणाऱ्या छोट्या प्रयोगशाळांचे रिपोर्ट छापणारं सॉफ्टवेअर आमची कंपनी विकते. विदर्भातल्या पुष्कळ गावांत तुमच्या साखरेचा आकडा ज्या कागदावर येतो तो आमचाच. हे सॉफ्टवेअर मुळात काकांनी लिहिलं. निदान आम्हा सगळ्यांना तसंच ठाऊक होतं. पुढे आमच्या मालकांनी ते घेतलं, काकांसकट. आणि असल्या कामात कोणी कधी काय बदल केला हे लिहून ठेवावं लागतं. त्यासाठी गिट नावाची एक व्यवस्था असते. ती एक न संपणारी नोंदवही समजा. बदल केला की एक नोंद. नोंदीत तुमचं नाव, तारीख, आणि काय केलं त्याची एक ओळ. प्रत्येक नोंदीला आपोआप एक क्रमांक पडतो, आणि गंमत अशी की तो तिच्या आधीच्या नोंदीवरून निघतो. त्यामुळे मागची एखादी नोंद बदलली की पुढच्या सगळ्यांचे क्रमांक बदलतात. म्हणून शहाणी माणसं मागच्या नोंदींना हात लावत नाहीत.

बाकीचे लोक तिथे 'चूक दुरुस्त' असं दोन शब्दांत लिहून मोकळे होतात. काका पत्र लिहीत. "हिमोग्लोबिनच्या आकड्यातलं टिंब एक घर डावीकडे सरकवलं. आज तूरडाळ शिजली नाही, कुकरचं रबर गेलं असेल." किंवा, "पेशंटचं वय उणे येत होतं, ते थांबवलं. समोरच्यांनी कुत्रं आणलं आहे. पांढरं आहे. अजून भुंकत नाही." पुढच्या नोंदीत, "थायरॉईडचं पान नवीन केलं. कुत्रं भुंकायले लागलं." एका दिवाळीतली नोंद मला अजून पाठ आहे: "काम विशेष नाही, एक स्वल्पविराम टाकला. आज लक्ष्मीपूजन." सुट्टी होती. बाहेर फटाके वाजत असतील, आणि हा माणूस एक स्वल्पविराम टाकायला कॉम्प्युटरसमोर बसलेला.

नव्याने आलेल्या एका सहकाऱ्याने तक्रार केली, की नोंद एका ओळीची असावी असा जगभरचा संकेत आहे, आणि इथे कुत्र्याचं काय काम? मालकांनी बैठक घेतली. काकांनी मान डोलावून सगळं मान्य केलं. दुसऱ्या दिवशीची नोंद अशी होती: "नोंद एका ओळीची करायची ठरलं आहे. ही ती ओळ." आणि खाली एक ओळ सोडून, "आता बाकीचं," म्हणून पुढे पंधरा ओळी, कुत्र्याला ताप आल्याच्या. मालकांनी नाद सोडला.

मी त्या नोंदी आवडीने वाचत असे. सकाळी आल्यावर आधी चहा, मग काकांची नोंद. आणि अशीच एकदा, काम कमी असताना, मागे मागे जात अगदी सुरुवातीपर्यंत पोचले, तर तिथे काका नव्हतेच. म्हणजे नाव त्यांचं होतं. पण पहिल्या तीनशे बारा नोंदींत प्रत्येक ठिकाणी दोनच शब्द: 'बदल केला.' 'बदल केला.' 'बदल केला.' डाळ नाही, कुत्रं नाही, काही नाही. आणखी एक विचित्र गोष्ट दिसली. प्रत्येक नोंदीत दोन तारखा असतात, एक काम केलं तेव्हाची आणि एक ती नोंद वहीत पडली तेव्हाची. सहसा दोन्ही एकच असतात. इथे पहिली तारीख प्रत्येक नोंदीची वेगळी, वर्षभरात पसरलेली. पण दुसरी तारीख सगळ्या तीनशे बारा नोंदींची एकच. एक दिवस, एकच दुपार. मी काकांना विचारलं. ते पहिल्यांदाच माझ्याशी तुटक बोलले. "कॉम्प्युटरचं घड्याळ बिघडलं होतं," एवढंच म्हणाले आणि प्रिंटरशी बोलायला निघून गेले.

ही गोष्ट मी विसरूनही गेले. वर्षं गेली. मी त्या विभागाची प्रमुख झाले, म्हणजे वहीची किल्ली माझ्याकडे आली. काका साठीला पोचले. निवृत्तीला दोन महिने राहिले तेव्हा मालकांनी त्यांना विचारलं, काय हवं, घड्याळ की शाल? काका म्हणाले, विचार करून सांगतो. आणि दुपारी माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले. बसले नाहीत.

"मले सुरुवातीच्या नोंदी बदलायच्या आहेत," ते म्हणाले.

मला वाटलं, थट्टा करताहेत. मी म्हटलं, "काका, पहिल्या नोंदी बदलल्या तर पुढच्या नऊ हजार नोंदींचे क्रमांक बदलतील. बारा जणांच्या कॉम्प्युटरवरच्या प्रती मोडतील. प्रत्येक लॅबमधल्या पडद्यावर खाली क्रमांक छापलेला आहे, तो आपल्याशी जुळणार नाही. तुम्हीच तर मला हे शिकवलं."

"मीच शिकवलं. काहून शिकवलं ते आज सांगतो." मग बसले. "ते घड्याळ नव्हतं बिघडलं वं. मीच बदलल्या होत्या त्या नोंदी. एकदा."

आणि मग त्यांनी जे सांगितलं ते असं. काका मूळचे प्रोग्रामर नव्हतेच. एका प्रयोगशाळेत रक्त काढायचे. "मले येत काय होतं? सुई टोचता येत होती." रिपोर्ट हाताने लिहून बोटं दुखत, म्हणून कॉम्प्युटरवर छापता येतील का, असं त्यांनी एका ओळखीच्या मुलाला विचारलं. हा मुलगा त्यांच्याहून तेरा वर्षांनी लहान, एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचा. दोघांनी मिळून हुडकेश्वरच्या पुढच्या खोलीत काम सुरू केलं. कॉम्प्युटर एक, खुर्ची एक. मुलगा सकाळी सहाला येई आणि अकराला क्लासला जाई. काका दुपारी लॅबमधून सुटून येत आणि संध्याकाळपर्यंत बसत. एकाच खुर्चीवर बसणारी ही दोन माणसं एकमेकांना फारशी भेटतच नसत. मुलानेच गिट आणलं, मुलानेच काकांना शिकवलं, आणि एकमेकांना निरोप द्यायचा तो नोंदीतच. सॉफ्टवेअरचा सगळा पाया त्या मुलाचा. काका त्याला 'गा' म्हणत, तो काकांना 'दादा'.

"मग एक दिवस दुपारी येऊन पाहतो," काका म्हणाले, "तर यादीत वरची नोंद: उद्यापासून येत नाही दादा, मौद्याची नोकरी घेतली. बस. मौद्याले वीज केंद्र आहे, तिथं. तोंडानं नाही, फोननं नाही. माह्या घरात, माह्या खुर्चीवर बसून लिहून गेला. माहं डोकं फिरलं. त्यानंच शिकवलेली एक आज्ञा होती. ती दिली. पंधरा मिनिटांत साऱ्या नोंदींवर माहं नाव लागलं आणि लिहिलेलं सारं पुसलं गेलं. त्याचं बी गेलं आणि त्याले मी लिहिलेलं बी गेलं."

"मग त्यांना कळलं?"

"काय माहीत. त्याचे फोन आले बारा-पंधरा. मी उचलले नाही. मले वाटे, माफी मागायले करून राहिला. म्हटलं, करू दे. मनीषनगरले राहते तो. पंधरा वर्षं झाली, भेट नाही."

रेल्वे फाटकाचा उलगडा मला तेव्हा झाला.

मी त्यांना सोपा मार्ग सांगितला. म्हटलं, जुन्याला हात न लावता आज एक नवी नोंद करू, की सुरुवातीचं काम अमक्याचं आहे. काम भागेल, क्रमांक मोडणार नाहीत. काका म्हणाले, "वर लावून काय करू? खालचं तर खोटंच राहते ना." मी म्हटलं, पण मूळ मजकूर कुठे आहे आता? काय परत घालणार? त्यावर म्हणाले, "सीडी आहे. माहा कॉम्प्युटरवर भरोसा नव्हता. त्याले म्हणून ठेवलं होतं, दर शनिवारी साऱ्याची सीडी करून घरी नेत जा. तो करत जाय. ती शेवटची नोंद शनिवारचीच होती." आणि मग अगदी हळू, "तू येशील काय वं माह्यासोबत? एकटा गेलो तर दारातून परत येईन मी."

पुढच्या रविवारी सकाळी मी स्कूटीवर त्यांना घेऊन निघाले. मागे बसून काका बेशापर्यंत बोलत होते, मनीषनगर आलं तसे गप्प झाले. पुलावर जायची गरज नव्हती, घर अलीकडेच होतं, तरी पूल लांबून दिसला तेव्हा म्हणाले, "चांगला केला आहे." पत्ता त्यांना पाठ होता. घर क्रमांक, गल्ली, कोपऱ्यावरचं मेडिकल स्टोअर, सगळं. कधी पाहिलं, म्हणून विचारलं नाही.

दार त्या मुलाच्या पत्नीने, म्हणजे वहिनींनी, उघडलं. त्यांनी काकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग परत काकांकडे. "या ना दादा," त्या म्हणाल्या, आणि आत तोंड करून थोड्या मोठ्याने म्हणाल्या, "दादा आले आहेत." थोड्या वेळाने सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसचे एक गृहस्थ टॉवेलला हात पुसत बाहेर आले. केस पांढरे झालेले, पोट सुटलेलं. काका ज्याला 'पोरगा' म्हणत होते तो हा. दोघेही एकमेकांना ओळखायला क्षणभर थांबले.

काकांनी बसायच्या आत सांगून टाकलं. पाठ करून आले असावेत. "मी तुहं नाव काढलं होतं. साऱ्या नोंदींवरून. रागात काढलं. ते परत लावायचं आहे. सीडी असली तर दे."

गृहस्थ म्हणाले, "नावाचं काय दादा. माहीत होतं मले."

"कसं?"

"मौद्याच्या एका लॅबमध्ये तुमचं सॉफ्टवेअर होतं. बिघडलं तर मीच दुरुस्त करून दिलं एकदा. तेव्हा पाहिलं." मग आत जाऊन त्यांनी कपाटातून एक डबा आणला. सगळ्या शनिवारांच्या सीड्या, क्रमाने लावलेल्या.

पण सीडी लावणार कशात? माझ्या लॅपटॉपला ती फटच नाही, त्यांच्या मुलीच्या लॅपटॉपलाही नाही. शेवटी मागच्या खोलीतला जुना कॉम्प्युटर, ज्यावर चादर आणि चादरीवर इस्त्रीचे कपडे होते, तो काढला. तो सुरू व्हायला लागला आणि लागतच राहिला. आम्ही चौघे त्याच्यासमोर उभे. पडद्यावर गोल फिरत होतं. काका, जे प्रिंटरशी बोलत, कूलरशी बोलत, चुकून आलेल्या फोनशी अर्धा तास बोलत, ते हाताची घडी घालून त्या फिरणाऱ्या गोलाकडे पाहत राहिले. मध्येच मुलगी आली. काकांनी विचारलं, "कितवीत आहे वं?" ती म्हणाली, "दहावीत." "अभ्यास होते?" "होतो." संपलं. वहिनींनी चहा आणला, आम्ही उभ्यानेच प्यालो.

सीडी चालली. यादी उघडली. खालून वर वाचत आलो, आणि पंधरा वर्षांपूर्वीची ती पुढची खोली एकेका ओळीत दिसायला लागली. "छपाईचं पान केलं. दादा, दूध नासलं आहे, चहा ठेवू नका." त्यावर काकांची: "दूध टाकलं. पान तिरपं छापते. तूच तिरपा बसत असशील." मग: "पान सरळ केलं. आईंनी दिलेला लाडू खाल्ला, दुसरा तुमच्यासाठी कीबोर्डमागे." "लाडू मुंग्यांनी खाल्ला. मुंग्या तुझ्या नावावर लिहितो." गृहस्थ हसले. काकाही हसले. वहिनी पदराने तोंड दाबून हसल्या. असं वर वर येत शेवटची नोंद आली: उद्यापासून येत नाही दादा, मौद्याची नोकरी घेतली.

हसणं थांबलं. यादीत नोंदीची फक्त पहिली ओळ दिसते. पूर्ण वाचायची तर ती उघडावी लागते. मी सवयीने उघडली. मला काही सुचवायचं नव्हतं, बोट आपोआप गेलं. त्या ओळीखाली आणखी मजकूर होता.

"तोंडावर सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून इथं लिहितो. घरी आता तीन माणसं झालो, पक्की नोकरी पाहिजे. पण रविवारी येत जाईन, काम सोडत नाही. पुढच्या रविवारी पोरीचं बारसं आहे. नाव तुम्ही सांगायचं. तुम्ही आल्याशिवाय ठेवत नाही."

काकांनी चष्मा काढला, परत लावला आणि पुन्हा वाचलं.

"हे होतं?" ते म्हणाले.

"होतं ना दादा." गृहस्थ काकांकडे वळले. "तुम्ही वाचलं नव्हतं?"

"पहिली ओळ वाचली."

"आणि मी समजून राहिलो, तुम्ही सारं वाचून बी आले नाही."

वहिनी दाराशी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "तीन वाजेपर्यंत थांबलो होतो. लोकं जेवून गेले. मग पोरगी लय रडायले लागली, तर सुचलं ते नाव आत्यानं ठेवलं."

मुलगी हे सगळं पहिल्यांदाच ऐकत होती. तिने काकांना विचारलं, "तुम्ही काय नाव ठेवलं असतं?"

काकांनी खूप वेळ विचार केला. मग म्हणाले, "आता नाही सांगता येत बाई. ते तवाच सुचलं असतं."

परत येताना ते मागे इतके गप्प होते, की दोनदा मी वळून पाहिलं, माणूस बसलाय ना.

मी त्यांना परवानगी दिली. नियमाने देऊ नये, दिली. एका शनिवारी सगळ्यांकडून त्यांचं त्यांचं काम आधी जमा करून घेतलं, तीन ठिकाणी प्रती ठेवल्या, आणि जुने क्रमांक व नवे क्रमांक यांची एक जुळणी काकांनी स्वतः तयार केली, कोणत्या लॅबचं काही अडू नये म्हणून. एका लॅबचं तरीही अडलं; काकांनी तिथल्या माणसाला फोनवर समजावलं, आणि त्याच्या सांधेदुखीवर उपायही सांगितला. ते गृहस्थही ऑफिसात आले होते. काकांनी त्यांना आपल्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः दुसरी ओढून बाजूला बसले. आज्ञा गृहस्थांनी दिली. नऊ हजार नोंदी पुन्हा लिहिल्या जात असताना तीनशे बाराव्या नोंदीपर्यंत काका पडद्यावरून बोट फिरवत होते, मग त्यांनी बोट काढून घेतलं. पहिल्या नोंदीवर आता दुसऱ्याचं नाव होतं, आणि पुढे एकाआड एक दोघांची. मालक शाल घेऊन आले होते, ती गृहस्थांना द्यायची की काकांना, यावरून थोडा गोंधळ झाला. शेवटी ती टेबलावरच राहिली आणि सोमवारी मी काकांच्या घरी नेऊन दिली.

त्यानंतर काका दर रविवारी मनीषनगरला जायला लागले. मला वाटलं होतं, पंधरा वर्षांचं बोलणं साठलेलं असेल, दोघे दिवस दिवस बोलत असतील. एकदा विचारलं, तर म्हणाले, "कायचं बोलतो वं. त्याचं प्लांट, त्याचे साहेब, मले काय समजते त्यातलं? माहं त्याले काय समजते? तो टीव्ही पाहते, पाहता पाहता झोपते. मी बसतो." पण जात होते. डब्यात काही ना काही घेऊन जात. मुलीच्या गणिताच्या चुका तपासत. वहिनींचा कूलर दुरुस्त करून दिला. एकदा मला फोन करून उत्साहाने सांगितलं, की आज तो झोपला नाही, अर्धा तास जागा होता.

असं जेमतेम वर्षभर चाललं. मग त्या गृहस्थांची बदली झाली, दुसऱ्या राज्यातल्या वीज केंद्रात. मुलीची दहावी झालीच होती, तिची शाळाही तिकडेच घेतली आणि सगळं कुटुंब गेलं. ही बातमी काकांनी मला फोनवर सांगितली, आणि लगेच माझ्या सासूबाईंच्या मोतीबिंदूची चौकशी सुरू केली.

परवा काही कामाने मी त्या बाजूला गेले होते. त्या गल्लीतून जाताना पाहिलं तर घराचं दार उघडं, खिडक्या उघड्या, आणि काका अंगणात पाइपने कुंड्यांना पाणी घालताहेत. चावी त्यांच्याकडे ठेवून गेलेत म्हणे. एक दिवसाआड येतात, खिडक्या उघडतात, झाडतात, नळ सोडून पाहतात. मला पाहून इतका आनंद झाला त्यांना, की पाइप तसाच वाहत राहिला. आत नेलं, चहा केला, दोघांनी घेतला. फोन येतो का त्यांचा, असं मी विचारलं. "येते ना. रविवारी. नेटवर्क नसते तिकडं, तर लवकर कटते." मग चहाचे कप धुऊन, पुसून, वहिनी ठेवायच्या तसे फळीवर उलटे मांडले. खिडक्या एकेक करून लावल्या. फक्त पुढचं दार तेवढं उघडं ठेवलं आणि उंबरठ्याजवळच्या खुर्चीवर बसले.

मी पर्स उचलली. मुलाला शिकवणीहून आणायचं होतं, उशीर झाला होता.

"निघाली काय?" ते म्हणाले. "दहा मिनिटं बस ना वं. आत्ता तर आली."

मी पर्स खाली ठेवली आणि बसले.